हातभर अंतरावरची बाग

माझ्या परसात सध्या जे उभे आहे त्याला काय म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बाग म्हणावे तर आत शिरता येत नाही. रान म्हणावे तर त्यातले प्रत्येक झाड मी स्वतः पाणी घालून वाढवलेले आहे. गावात मला भाय म्हणतात; आमचा शेजारी काशीराम तांडेल या परसाला ‘भायचा वाचनालय’ म्हणतो. माझी नोकरी मुंबईतल्या एका वाचनालयात पुस्तकांना नंबर घालण्यात गेली हे त्याला माहीत आहे. “कपाटात पुस्तकां कोंबतत, तशी झाडां कोंबल्यान हेणी,” असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. मला त्यावर उत्तर सुचत नाही. सुचते, पण तो घरी पोचल्यावर.

वास्तविक ही कल्पना माझी नव्हती. मला कल्पना सुचत नाहीत. मी त्या वाचतो. छप्पन साली मी निवृत्त होऊन मसुऱ्यास आलो तेव्हा वाचनालयाने रद्दीत काढलेली काही पुस्तके बरोबर आणली. त्यात कुठल्याशा थंड मुलखातल्या एका साहेबाचे फळझाडांवरचे पुस्तक होते. साहेबाचे म्हणणे असे की, घरगुती बागेत झाडांना ऐसपैस जागा देणे ही जुनी चूक आहे. झाडे हातभर अंतरावर लावावीत, वाटल्यास चार रोपे एकाच खड्ड्यात बसवावीत, आणि वर्षातून दोनदा खांद्याच्या उंचीवर छाटून टाकावीत. अशी झाडे नम्र राहतात आणि उभ्या माणसाच्या हाताला फळे देतात. सोबत चित्र होते. टोपी घातलेली एक मडम दोन बोटांनी सफरचंद तोडते आहे आणि तिचा दुसरा हात खिशात आहे.

त्या खिशातल्या हाताने माझा घात केला. मला झाडावर चढता येत नाही. आमच्या गावात पूजा सांगणारे भटजीदेखील सोवळे सावरून नारळ काढतात, तिथे हे काय दुःख आहे ते मुंबईकरांना कळणार नाही. लहानपणापासून मी झाडाखाली उभा राहून दुसऱ्याने टाकलेले आंबे झेलत आलो आहे. तेही बहुधा निसटतात.

आता परसाविषयी. घरामागची ती मोकळी जागा कागदोपत्री माझी असली तरी तिच्यावर पडणारे ऊन माझ्या पत्नीचे, नर्मदेचे होते. ती तिथे रातांब्याची सोलां, म्हणजे आमसुले, वाळवायची. फोडलेल्या रातांब्याची साल मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची. शेवटी ती साल जांभळी-काळी होऊन चामड्यासारखी मऊ पडायची. नर्मदेची सोलां गावात नावाजलेली होती. बारशाला, बाराव्याला, मुंबईला जाणाऱ्याच्या ट्रंकेत तीच जायची. मी त्या घरचा मालक म्हणून कुणी मला ओळखले असेल तर ते “सोलांवाल्या नर्मदाबायचो घोव” असेच.

मी तिला साहेबाची योजना वाचून दाखवली. ती रातांबे फोडत होती.

“तुमका काय होया ता लावा,” ती म्हणाली, “पण माजा वत तेवढा सोडा.” आमच्याकडे उन्हाला वत म्हणतात.

“अगं, झाडं खांद्याच्या वर जाणारच नाहीत. सावली पडली तर तुझ्या घोट्यापर्यंत पडेल.”

“ह्या झाडांक सांगलास?”

मी हसलो. तो प्रश्न होता हे माझ्या उशिरा लक्षात आले.

प्रथम मी सरकारी रोपवाटिकेत गेलो. तिथल्या कारकुनाने परसाचे माप विचारले, मनाशी हिशोब केला आणि म्हणाला, “दोन कलमं मिळतील. एक आंबा, एक चिकू. अंतर तीस फूट ठेवायचं.” मी पुस्तकातले अंतर सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या छत्रीकडे पाहिले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी दोन कलमे घेऊन परत आलो.

पण कलमे आणायला मी गेलो होतो ही बातमी माझ्या आधी गावात पोचली होती. भायला झाडे हवी आहेत! मग काशीरामने फणसाचे रोप आणले. धोंडूतात्या घाडी यांनी नीरफणस दिला. कुणी पेरू, कुणी जाम, कुणी तोरिंजन, कुणी कसले ते देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. मला ‘नको’ म्हणता येत नाही. ‘न’पर्यंत मी पोचतो, पुढे समोरचा माणूस रोप खाली ठेवून पाणी मागतो. मी साहेबाचे स्मरण करून सगळी हातभर अंतरावर लावली.

काशीराम सबंध आयुष्य गलबतावर काढून आलेला माणूस. तो कुंपणापाशी उभा राहून बघत होता.

“भाय, दोन होड्यो इतक्यो जवळ नांगरल्यो तर वाऱ्यात एकमेकींका फोडतत. झाडां काय करतली?”

“काय करतील?”

“भांडतली. आणि जेका आभाळ गावला, तो जिकलो.”

मी त्याला छाटणीचे प्रकरण समजावून दिले. त्या पुस्तकात लावण्यावर एक प्रकरण होते आणि छाटण्यावर बाकीची सगळी. साहेबाचा भरवसा मातीवर नव्हता, कात्रीवर होता. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढचा अनर्थ इथे आहे.

इतक्या लोकांची झाडे एका जागी आली म्हटल्यावर देवाला गाऱ्हाणे घालणे आलेच. आमच्याकडे विहीर खणा, होडी पाण्यात लोटा, नाहीतर पोर नोकरीला पाठवा, आधी कुणीतरी जाणता माणूस देवाला मोठ्याने सगळे समजावून सांगतो आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. धोंडूतात्यांचा आवाज गावात नामी. सगळे देणारे जमले. नारळ ठेवला.

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वाड्यांच्या, ह्या जागेच्या मालका! तुज्या ह्या लेकरान, ह्या भायन, मुंबयसून येवन हयसर झाडां लायल्यान. तेंका तुजी राखण दी!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंका कोणाची वायट नजर लागता नये!”

“व्हय म्हाराजा!”

इथे थांबायला हरकत नव्हती. पण तात्या रंगात आले होते.

“तेंका कोयतो लागता नये, कुऱ्हाड लागता नये, लोखंडाचा पातासुद्धा लागता नये! कोणी लायलो, तर तेका तू बघून घी!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. चारचौघांत आवाज काढण्याची संधी मला क्वचित मिळते. चार माणसे जे म्हणतात तेच म्हणायचे असल्यामुळे मी बेधडक ओरडलो. अर्थ डोक्यात शिरला तेव्हा नारळ फुटला होता.

“तात्या,” मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, “ते लोखंडाचं जरा...”

“बरा झाला मा? माका मदीच सुचला!” तात्या खोबरे चावत म्हणाले. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की मीही “फार छान झालं” म्हणालो.

साहेबाच्या मुलखात झाडे अर्धे वर्ष झोपतात. आमच्याकडची झाडे डोळासुद्धा मिटत नाहीत. एका पावसात ती माझ्या खांद्याला लागली, दुसऱ्यात त्यांनी माझी ओळख सोडली. फणस छपराच्या वर गेला. चिकूने वाट काढत काढत विहिरीवर मान टाकली. पेरूची फांदी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येऊन फोडणीचा वास घेऊ लागली. फळे धरली, नाही असे नाही, पण सगळी वर, जिथे उजेड होता तिथे. ती कावळ्यांनी आणि वटवाघळांनी खाल्ली. माझ्या वाट्याला एकदा एक नीरफणस आला. तो छपराचे नळे फोडून थेट माजघरात आला.

छाटणीचा हंगाम आला की मी पुस्तक उघडायचो आणि मिटायचो. विकत आणलेली कात्री मी कपाटात ठेवली होती. ती बाहेर दिसली तरी काशीराम म्हणायचा, “भाय, देव बघता हां.” त्याचा स्वतःचा देवावर फारसा विश्वास नव्हता. पण फणस त्याचा होता.

नर्मदेचे ऊन मात्र आकसत चालले. पहिल्यांदा ते घोंगडीएवढे होते, मग चटईएवढे झाले, मग पाटाएवढे. एका वैशाखात सोलांवर पांढरी बुरशी आली. त्याच दिवशी मासे विकणारी हौसाबाय पाटी घेऊन दारात आली. ती वाकून बघत म्हणाली, “गो बाय माजे! नर्मदाबाय, तुज्या सोलांका मिशयो फुटल्यो गो!”

नर्मदा हसली नाही. तिने सोलां उकिरड्यावर टाकली, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी उरलेले रातांबे टोपल्यांत भरून सर्विस मोटारीने तोंडवलीला आपल्या भावाकडे गेली. तिथे समुद्रावर उन्हाला मालक नाही. त्या वर्षी ती सोलां वाळताच परतली. पुढच्या वर्षी सोलां वाळल्यावरही राहिली. त्यापुढच्या वर्षी शिमगा होतो न होतो तोच निघाली.

“रातांबे पिकायला अजून अवकाश आहे,” मी म्हणालो.

“माका म्हायत आसा.”

“कधी येशील?”

तिने पदर खोचला. “परसात वत इला काय येतलंय.”

हे तिने रागाने म्हटले असते तर मला बरे वाटले असते. तिने ते बाजाराचा निरोप सांगावा तसे सांगितले. मी स्वतःपुरती पेज शिजवू लागलो. पेज करपते हे मला तोवर माहीत नव्हते.

मी धोंडूतात्यांकडे गेलो. ते म्हणाले, “देवाक दिल्लो शब्द परत घेवचो, तर देवाचो कौल होयो.” कौल म्हणजे देवाच्या अंगावर फुलाची पाकळी लावायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. ऐकायला सोपे आहे. पण त्यासाठी सगळे मानकरी हजर लागतात. एक मानकरी मुंबईला गेला होता. तो आला तेव्हा दुसरा तिसऱ्याशी विहिरीच्या दोरावरून बोलत नव्हता आणि तिसरा बसतो त्या देवळात पाऊल टाकणार नाही म्हणत होता. शेवटी एक खांबाच्या अलीकडे आणि एक पलीकडे बसायला तयार झाले. मधल्या खांबाला टेकून मी बसलो, म्हणजे दोघांनाही माझाच राग आला.

पाकळी लावली. ती ना उजवीकडची पडली, ना डावीकडची. आम्ही बसून राहिलो.

“देव विचार करता,” तात्या म्हणाले.

“किती वेळ करील?”

“देवाक खंयची गाडी पकडूची आसा?”

मी अनेक कचेऱ्यांत बसलेलो आहे. प्रकरण विचाराधीन आहे हे मला समजले आणि मी घरी आलो.

दुसरा उपाय मला स्वतःला सुचला. म्हणूनच मला त्याची भीती वाटायला हवी होती. बंदी लोखंडाला होती, पितळेला नव्हती. मी मालवणच्या बाजारात कासाराकडे जाऊन पितळेची करवत मागितली.

“पूजेची?” त्याने विचारले.

“झाड कापायची.”

त्याने माझ्या कपाळाकडे पाहिले, पण करवत करून दिली. ती फारच सुंदर होती. मी सकाळी काशीरामच्या फणसाच्या खालच्या फांदीवर ती चालवायला घेतली. दुपारपर्यंत फांदीवर एक सोनेरी ओरखडा उठला आणि करवतीचे सगळे दात नमस्कार केल्यासारखे एका बाजूला झुकले. शिवाय ओरखड्यातून चीक आला आणि माझा हात करवतीला व करवत फांदीला चिकटली. हाक मारायला लाज वाटत होती. बराच वेळ मी झाडाशी हस्तांदोलन करीत उभा राहिलो. अखेर काशीराम खोबरेलाची वाटी घेऊन आला.

“भाय,” तो माझी बोटे सोडवीत म्हणाला, “तू झाड धरलंस काय झाडान तुका?”

त्याच सुमारास मार्च महिना संपत आला. मार्च संपायला आला की सरकारला झाडे आठवतात. ब्लॉक ऑफिसातले सत्यवानराव म्हणून एक घाटावरचे अधिकारी तालुकाभर वनमहोत्सवातली जिवंत झाडे शोधत हिंडत होते. लावलेली पुष्कळ होती. जिवंत सापडत नव्हती. रस्त्यावरून त्यांना माझे परसू दिसले. ते आडवे होऊन आत शिरले.

“ही सगळी जगली?” त्यांनी एकेका बुंध्याला हात लावत विचारले.

“दुर्दैवाने,” मी म्हणालो.

त्यांनी तो विनय समजला. माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, “आजोबा, तुम्ही आमची लाज राखलीत.” सत्कार करायचा, परसात पाटी लावायची, असे त्यांनी तिथेच ठरवले. मी नकार देण्यासाठी तोंड उघडले. ‘न’ आला. पुढचे त्यांच्या जीपच्या आवाजात गेले.

ठरलेल्या सकाळी गाव जमला. पाटीवर ठळक अक्षरांत ‘आदर्श वृक्षसंवर्धन’ आणि खाली ‘ही झाडे तोडण्यास सक्त मनाई आहे’ असे रंगवले होते. आधी देवाची मनाई, आता सरकारची. आपण घरात कधी हा शब्द उच्चारला नाही म्हणून तो आता चहूबाजूंनी येतो आहे, असे मला वाटले. सत्यवानराव माझ्याविषयी पुष्कळ बोलले. ते कुणाविषयी बोलताहेत ते मी मागे वळून पाहिले. मग त्यांनी हातोडी घेतली, बोटभर लांबीचा खिळा फणसाच्या बुंध्यावर टेकवला, आणि—

“ओ रावसाहेब! लोखंड! लोखंड!” धोंडूतात्या ओरडले.

खिळा आत गेला होता. बुंध्यातून पांढरा चीक आला आणि हळूहळू ‘सक्त’ या अक्षरांवरून खाली ओघळला. लोकांनी आधी झाडाकडे पाहिले, मग आभाळाकडे, मग माझ्याकडे. सत्यवानराव हसत हसत सगळ्यांना नमस्कार करीत राहिले. नंतर फराळाला त्यांनी परसातले अर्धेकच्चे जाम ताटभर खाल्ले आणि दुपारपासून ते डाकबंगल्याच्या मागच्या अंगाला अडकून पडले. जामांचा विषय गावात कुणी काढला नाही.

या वेळी मानकरी न बोलावता जमले. विहिरीच्या दोरवाले दोघे शेजारी शेजारी बसले. पाकळी लावताच उजवीकडची टपकन पडली. तात्यांनी डोळे मिटून अर्थ लावला. “लोखंड सरकारान लायला. तेचा काय ता सरकार भोगता. पण राखण मोडली ती मोडली. देव म्हणता, एका खिळ्याक एक झाड. लायलेल्यान सोताच्या हातान तोडूचा. बाकीच्यांचा फुडे बघूया.”

“आणि सरकारी पाटी?” मी विचारले.

डाकबंगल्यातून सत्यवानरावांचा क्षीण निरोप आला: एखादे झाड आपसूक गेल्यास आमची हरकत नाही, आणि ताक पाठवा.

एक झाड. कुठले? तिन्हीसांजेपर्यंत एकेक देणारा येऊन सहज म्हणून बसून गेला. “माजो पेरू नको हां भाय.” “जाम सत्काराचो आसा.” काशीराम म्हणाला, “फणसार तर सरकारचो बोर्ड. तेका हात लायशीत तर जेलात जाशीत, मी डबो हाडूचंय नाय.” उरली माझी सरकारी कलमे. चिकू विहिरीवर होता. त्याच्या सावलीने नर्मदेचे काही बिघडत नव्हते. आंबा मात्र बरोबर दक्षिणेला, उन्हाच्या वाटेत उभा होता.

त्याला पहिल्यांदाच फळ धरले होते. बाकीच्या फांद्या इतर झाडांसारख्या वर गेल्या, पण एक फांदी उजेड शोधत शोधत खाली, बाजूला आली होती आणि तिच्या टोकाला एकच आंबा होता. माझ्या खांद्याच्या उंचीवर. इतक्या वर्षांत साहेबाचे ऐकलेली ती एकच फांदी.

मी त्या आंब्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. अजून थोडे दिवस थांबले तर तो झाडावर पिकेल, असे मनात आले. रातांबेही तेवढ्याच दिवसांत संपतील, हेही आले. मग मी डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी आंबा तोडला. कुणी पाहत नव्हते. तो कैरीहून थोडा पुढे गेलेला होता. मी तो घरात गवतात ठेवला आणि लोखंडाची करवत घेऊन आलो.

बुंधा कापता कापता माझ्या हातांना फोड आले. काशीराम मदतीला येऊ शकत नव्हता, म्हणून त्याने कुंपणावर बसून जिभेने मदत केली. “जरा गोव्याकडे धर! आता रत्नागिरीकडे! बाजूक हो, पडतला!”

करवत आरपार गेली. मी उडी मारून बाजूला झालो. आंबा पडला नाही. तो जिथे होता तिथेच उभा राहिला. एका खांद्याला फणस होता, दुसऱ्याला पेरू, मागून नीरफणसाने कंबर धरली होती. बुडाशी पूर्ण कापलेले झाड आपले सरळ उभे, पाने हलवत. झाडाला पडायलासुद्धा जागा लागते, हे साहेबाने कुठल्याच प्रकरणात लिहिलेले नाही.

काशीराम कुंपणावरून खाली उतरला. पहिल्यांदाच त्याला टोमणा सुचला नाही. “मेल्या,” तो हळूच म्हणाला, “असो तर माणूससुद्धा मरूचो नाय.”

पुढे किती तरी दिवस मी ते झाड फांदी फांदीने, आतड्यातून काटा काढावा तसे बाहेर ओढत होतो. शेवटचा शेंडा निघाला तेव्हा जमिनीवर काहीतरी पिवळे पडलेले दिसले. मी ते उचलायला वाकलो. ते ऊन होते.

हौसाबायच्या पाटीबरोबर ही बातमी तोंडवलीला गेली. दोन दिवसांनी सर्विस मोटार थांबली आणि नर्मदा डोक्यावर रातांब्यांची एकच टोपली घेऊन आली. ती सरळ परसात गेली. मी साहेबाचे पुस्तक हातात घेऊन मागे उभा राहिलो.

“ह्या वत?” तिने विचारले.

“हो.”

“ह्या तर सुपाएवढा आसा.”

“सध्या तेवढंच आहे.”

तिने त्या उन्हाकडे आणि माझ्या हातांवरच्या फडक्यांकडे पाहिले. मग आत जाऊन तिने रातांबे फोडले, सालींना मीठ लावले, सुपात पसरले आणि सूप उन्हात ठेवले. ते एका बाजूला कलत होते. तिने इकडे तिकडे पाहिले, माझ्या हातातून साहेबाचे पुस्तक काढून घेतले आणि सुपाखाली सारले. सूप नीट बसले.

आता उन्हाचा एक स्वभाव आहे, तोही पुस्तकात नाही. ते एका जागी थांबत नाही. सकाळी ते पायरीपाशी असते, दुपारी आंब्याच्या खुंटावर, मग पेरूकडे सरकते. सुपानेही सरकायला हवे. म्हणून मी हल्ली खुंटावर बसतो. वाचायला पुस्तक नाही. माझा डोळा लागला की आतून हाक येते.

“ओ, वत सरकला!”

मी उठतो. गवतातला आंबा पिकला; तिने तो कापून अर्धा मला दिला. आंबट होता. आम्ही दोघांनीही तो सालीपर्यंत चाटून खाल्ला.

“सरकवलास?”

“सरकवलं.”